गाडीला नो एन्ट्री, पायांना वेलकम!

इटलीला जाऊन आलेला कलीग ओळखायचा कसा? सोप्पंय. सोमवारी तो सगळ्यांसाठी चॉकलेटचा डबा टेबलावर ठेवतो आणि पहिलं वाक्य टाकतो, 'अरे, आम्ही नुसते चाललो रे! रोज वीस-वीस हजार स्टेप्स!' मग मोबाइल बाहेर येतो. फ्लॉरेन्सच्या गल्ल्या, व्हेनिसचे पूल, दगडी रस्ते, खिडकीतली फुलं. 'गाडीच नाही ना आत. काय शांतता होती म्हणून सांगू...'

आता याच कलीगला विचारा, माथेरानला कधी गेला होतास? लगेच चेहरा आंबट. 'छे रे, कटकट आहे. गाडी आत जात नाही. दस्तुरीवर सोडून चालत जावं लागतं. आम्ही तर घोडेच केले.'

म्हणजे बघा मंडळी, व्हेनिसला गाडी नाही म्हणून ते रोमँटिक आणि माथेरानला गाडी नाही म्हणून ती गैरसोय! तिथे युरो मोजून चालायचं आणि इथे चालायला लागू नये म्हणून रुपये मोजायचे. हा काय फंडा आहे, कळत नाही बुवा.

इटलीला जाऊच नका, असं अजिबात म्हणणं नाही. जरूर जा. व्हिसा मिळो, रजा मिळो, ईएमआय आड न येवो. पण पायी बघायचं शहर म्हणजे काय, त्याची सुट्टी कशी आखायची, हे शिकायचं असेल तर त्याची शाळा आपल्या दारात आहे. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. मुंबईहून लोकलच्या तिकिटात पायथा गाठता येतो. आणि ही शाळा टिकायची की नाही, हे थोडंफार आपल्या पायांवर अवलंबून आहे. कसं, ते पुढे सांगतोच.

दस्तुरी म्हणजे आपलं पियाझ्झाले रोमा

व्हेनिसला रस्त्यानं गेलात तर गाडी पियाझ्झाले रोमा नावाच्या चौकापर्यंत येते. तिथून पुढे एक तर पाय, नाही तर बोट. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी घातली तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येऊन थडकतं. सिएनानं आपला मुख्य चौक १९६० च्या दशकातच गाड्यांना बंद केला. तेव्हा तिथल्या दुकानदारांनाही धंदा बसेल अशी धाकधूक वाटली असणारच. आज त्याच चौकात बसून कॉफी पिण्यासाठी जगभरातून लोक येतात.

माथेरानची गोष्ट याहून भारी आहे. इथे गाडी बंद करावी लागली नाही, कारण ती आत कधी आलीच नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये पायथ्याच्या चौक गावात मुक्कामाला होते. समोरचा डोंगर खुणावत होता. साहेब वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढले, वरचं रान पाहून खूश झाले आणि रामबागेच्या बाजूनं उतरले. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं, बंगले झाले, बाजार वसला. पण जायचं ते पायी, घोड्यावर नाही तर पालखीतून.

मग आली आपली फुलराणी. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या ध्यासातून १९०४ ते १९०७ या काळात नेरळ ते माथेरान ही दोन फुटी गेजची २१ किलोमीटरची लाइन झाली. तेव्हापासून गाव गाड्यांसाठी नव्हे, तर माणसांच्या आणि घोड्यांच्या मापानं वाढलं. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं माथेरान आणि परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन ठरला आणि मोटार दस्तुरीवर थांबते ती कायद्यानं. अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन गाडी तेवढी अपवाद.

थोडक्यात काय, तर पावणेदोनशे वर्षांचं, पायी फिरायचं, हेरिटेज गाव. पासपोर्टची गरज नाही!

सुट्टी आखायची कशी?

पायी सुट्टीचा पहिला नियम इटलीतही तोच आणि इथेही तोच. बघण्याच्या जागांची यादी करू नका, फेऱ्या करा. यादी केली की आपण ऑफिसात जातो. टिक, टिक, टिक, झालं! फेरी केली की आपण गावात राहतो.

माथेरानचे पॉइंट किती? कोणी म्हणतं अठ्ठावीस, कोणी अडतीस. आकडा सांगणाऱ्यावर अवलंबून! 'साहेब, एका दिवसात बारा पॉइंट दाखवतो' असं कोणी म्हणालं की समजा, तुम्हाला बारा वेळा कठड्यापाशी उभं करून फोटो काढून परत आणणार. फ्लॉरेन्समध्येही असंच असतं. ड्युओमोपासून पोन्ते व्हेक्कियो हा पूल चालत दहा-बारा मिनिटांवर. पण ड्युओमोच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढून आल्यावर त्याच दिवशी तीन म्युझियमं करणारे महाभाग असतात. रात्री त्यांना कुठलं चित्र कुठे पाहिलं तेही आठवत नाही.

दुसरा नियम, मुक्काम एकाच ठिकाणी आणि किमान दोन रात्री. व्हेनिसनं २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी पाच युरोंचं प्रवेशशुल्क लावलं, ते सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना. मुक्काम करणाऱ्यांना ते नाही. २०२५ मध्ये ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ते दहा युरो झालं. कारण साधं आहे. दिवसभराचा पाहुणा गर्दी आणतो आणि कचरा ठेवून जातो. राहणारा पाहुणा जेवतो, झोपतो, खरेदी करतो आणि गाव हळूहळू बघतो. माथेरानलाही प्रवेशाचा कर आहे, तो मुकाट्यानं भरा आणि पावती जपून ठेवा. पण त्याहून मोठी मदत म्हणजे एक रात्र जास्त राहा.

तिसरा नियम रजेचा. शनिवारी सकाळी अख्खी मुंबई आणि अर्धं पुणं नेरळला उतरतं. तुम्ही रविवारी दुपारी चढा. सगळं पब्लिक बॅगा घेऊन उतरत असतं आणि तुम्ही वर! सोमवार-मंगळवार दोन कॅज्युअल टाका. बॉसला सांगा, इटलीची रिहर्सल आहे. माथेरानची सोमवार सकाळ म्हणजे काय चीज आहे, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. आणि वर मोबाइलला रेंज आली-गेली तर ती गावाची चूक नाही, कृपा आहे.

पोचायचं कसं?

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल आणि नेरळला उतरा. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी पाहूनच तिकीट काढावं. तिथून मागे यायला लोकल आहे. कर्जतला उतरलातच तर दिवाडकरांचा वडा खाल्ल्याशिवाय हलायचं नाही, हा अलिखित नियम. घाट चढायला गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात. आपल्याला वडा लावतात, एवढाच फरक!

नेरळहून वर जायचे तीन मार्ग. एक, फुलराणी. पूर्ण लाइन पावसाळ्यात बंद असते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. बाकीच्या दिवसांत फेऱ्या आणि जागा दोन्ही मोजक्या, म्हणून वेळ आणि तिकिटाची व्यवस्था आधी बघून ठेवा. २००५ च्या जुलैतल्या पावसानं ही लाइन पार वाहून नेली होती, ती २००७ मध्ये पुन्हा उभी राहिली. २०१९ च्या पावसानंतर पुन्हा तीन वर्षं बंद, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू. अशा जिद्दी गाडीत अडीच-पावणेतीन तास बसायला मिळणं हे भाग्य समजा. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती जाते. वाटेत एकच बोगदा आहे आणि त्याचं नाव वन किस टनेल. का, ते सांगायला हवंय?

दोन, शेअर टॅक्सीनं दस्तुरी. तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर, झाडीतून. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंत शटल असते आणि ती पावसाळ्यातही चालते. दस्तुरीवर कोणी 'गाडी बंद आहे, पुढे काही मिळणार नाही' असं सांगितलं तर हसून पुढे जा आणि खिडकीवर स्वतः विचारा. पर्यटकांच्या अशाच दिशाभुलीविरोधात मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं. म्हणजे ही तक्रार पाहुण्यांची नाही, गावाचीही आहे.

तीन, पायी. सराव असेल तर नेरळपासून चढा. खालापूर तालुक्यातल्या चौकच्या बाजूनं वन ट्री हिलला येणारी, शिवाजी लॅडर नावानं ओळखली जाणारी घळीची वाटही आहे. मॅलेटसाहेबांची बाजू हीच! पण ही वाट जाणकार सोबत असेल तरच, आणि पावसात बिलकूल नाही.

फेरी पहिली : दक्षिणेकडची, निवांत

नाश्ता करून बाजारातून निघा. अलेक्झांडर, रामबाग, लिट्ल चौक, चौक पॉइंट, मग वन ट्री हिल, बेल्व्हेडिअर आणि परतताना शार्लट लेक. नावं साहेबी आहेत, पण वाट अस्सल आपली. पायाखाली जांभ्याची लाल माती, डोक्यावर जांभूळ, हिरडा, अंजनीची सावली. भर दुपारीही ऊन अंगावर येत नाही. नशीब असेल तर शेकरू दिसेल. भलीमोठी तांबूस खार, झुपकेदार शेपटी, एका फांदीवरून दुसरीवर झेप. मान वर ठेवून चाला, पण आधी थांबा आणि मग मान वर करा!

रमतगमत पाच-सहा तास धरा. गुगलवर आकडा कमी दिसेल, त्याच्यावर जाऊ नका. तुम्ही थांबणार आहात, आणि थांबण्यासाठीच आला आहात.

चौक पॉइंटवर जरा जास्त वेळ बसा. खाली खालापूर तालुका पसरलेला दिसतो. मोरबे धरणाचं पाणी चमकत असतं, तेच नवी मुंबईकरांच्या नळाला येतं. आणि पलीकडे इर्शाळगडाचा सुळका. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, धो-धो पावसात, डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. उरलेल्यांचं पुनर्वसन चौकजवळ झालं. मदतीला जाणाऱ्यांना तिथवर पायीच चढावं लागलं होतं, कारण वाडीपर्यंत रस्ताच नव्हता.

हे सुट्टीच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण पायी फिरण्याचा हाच तर फरक आहे. गाडीच्या काचेतून डोंगर म्हणजे वॉलपेपर असतो. चालत गेलं की तिथे माणसं राहतात हे कळतं. आपण हौसेनं दोन दिवस गाडी सोडतो. पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली माणसं डोक्यावर ओझं घेऊन रोज डोंगर चढून वर कामाला येतात, त्यांना दुसरा पर्यायच नसतो. चढताना कोणी मावशी डोक्यावर टोपली घेऊन समोरून आल्या तर वाट आपण सोडायची. एवढं तरी.

शार्लट लेकवर एक लक्षात ठेवा, तो गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. पाय सोडून बसायची, वेफर्सची पिशवी भिरकवायची ती जागा नाही. जवळच पिसरनाथाचं देऊळ आहे. तिथे दहा मिनिटं टेका, चालण्यानं तापलेलं डोकं निवतं.

फेरी दुसरी : पश्चिमेकडची, संध्याकाळची

दुपारी एक झोप काढा. हो, झोप! इटलीतही कित्येक दुकानं दुपारी बंद असतात आणि आपण त्याला 'काय कल्चर आहे' म्हणतो. आपल्या पुण्यात तेच केलं की जोक होतात, असो.

चारच्या सुमारास लुईझा, एको करत पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्ताला पोचा. समोर प्रबळगडाचं लांबलचक पठार. सूर्य खाली गेला की अर्धी गर्दी धावत सुटते. तुम्ही वीस मिनिटं थांबा. खरा रंग नंतर भरतो. टॉर्च मात्र हवा, मोबाइलचा नको, वेगळा. परतीच्या वाटेवर अंधार असा पडतो, की आपलाच हात आपल्याला दिसत नाही.

फेरी तिसरी : उत्तरेकडची, पहाटेची

पॅनोरमा पॉइंट बाजारापासून पाचेक किलोमीटर. सूर्योदय हवा तर अंधारातच निघायचं. दोघा-चौघांनी एकत्र जा, आणि ज्या हॉटेलात उतरलात तिथे सांगून जा. परत येईपर्यंत नऊ वाजतात आणि तेव्हा समोर आलेल्या कांदेपोह्यांची चव कुठल्याही पंचतारांकित ब्रेकफास्टला नाही.

एक थांबा भाई कोतवालांसाठी

इटलीत प्रत्येक चौकात एक पुतळा असतो आणि आपण गाइडचं ऐकत त्याची पूर्ण गोष्ट समजून घेतो. माथेरानचाही आपला माणूस आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच वीर भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचाच. नाभिक समाजातलं साधं घर, पण पोरगा वकील झाला. गावच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला. पंचक्रोशीत शाळा काढल्या, सावकाराच्या तावडीतल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार चालवलं. १९४२ मध्ये भूमिगत होऊन, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्यासाठी त्यानं तरुणांचा दस्ता उभा केला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचं वय तेव्हा फक्त तीस. आपल्यातले कित्येक जण तिशीत पहिल्या प्रमोशनची वाट बघत असतात!

बाजारातून फिरताना चिक्की, चपला आणि मध घ्याच. पण हे नावही सोबत घेऊन जा.

आता मुद्द्याचं : बसायचं कशावर?

माथेरानमध्ये इतकी वर्षं हातरिक्षा चालल्या. एक माणूस पुढे ओढायला, दोघं मागून ढकलायला, आणि मध्ये बसलेले आपण. लाल मातीच्या चढावर हे दृश्य पाहिलंय? मजेचा फोटो म्हणून ते काढवत नाही. याच रिक्षाचालकांनी ई-रिक्षासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि डिसेंबरात प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं माणसानं माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष असल्याचं सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि या चालकांना ई-रिक्षा भाड्यानं देण्याची योजना करण्याचे आदेश दिले. दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर नाहीत, हेही स्पष्ट केलं.

यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ज्या आजोबांना हॉस्पिटल गाठायचंय, ज्या पोरांना रोज शाळेत जायचंय, ज्या माणसाची पाठ तीस वर्षं रिक्षा ओढून मोडली, त्यांना ई-रिक्षा हवीच. शहरात एसी कॅबनं फिरून त्यांना 'तुम्ही मात्र पायी चाला हं, किती छान वाटतं' असं सांगणं हा शुद्ध आगाऊपणा झाला. दुसरीकडे घोडेवाल्यांचं म्हणणं, आमच्या पोटाचं काय? शेकडो घोडी, त्यांच्यामागे तितकी घरं. आणि निसर्गप्रेमींची भीती, आज वीस ई-रिक्षा, उद्या दोनशे, परवा 'फक्त दहा मोटारी' आणि मग एक दिवस दस्तुरीवरचा तो अडसर उचलला जाईल!

या भांडणात पाहुण्याचं मत कोणी विचारलेलं नाही. पण ते आपण रोज देतोच, दस्तुरीवर उतरल्याक्षणी. पंचविशी-तिशीतली धडधाकट मंडळी ई-रिक्षाच्या रांगेत पहिली उभी राहिली की त्यातून एकच निघतं, गाड्या कमी पडतायत, वाढवा. तेच पाहुणे चालत गेले की सीट आजींना मिळते, रांग आखूड होते आणि गाड्यांची संख्या गरजेपुरतीच राहते. म्हणून साधा हिशेब. पाय चालत असतील तर चालायचं. दुखापत असेल, घरचे वयस्कर असतील, लहान बाळ असेल, तर अजिबात न लाजता ई-रिक्षा किंवा ट्रेन.

आणि चालणं म्हणजे पैसे वाचवणं नव्हे! बॅग हमालाकडे द्या, दर आधी ठरवा आणि मग घासाघीस नको. एखादा दिवस वाटाड्या घ्या. त्याला झाडं, पक्षी, शॉर्टकट आणि गावाच्या गॉसिपसकट सगळं माहीत असतं. घोड्यावर बसायची हौस असेल तर बसा, पण घोडा थकलेला, जखमी दिसला तर नको म्हणा. फ्लॉरेन्समध्ये गाइडला पैसे देताना आपण कुरकुर करत नाही, मग इथेच का?

बॅगेत काय?

मळखाऊ रंगाचे कपडे. पांढरे स्नीकर्स नेलेत तर परत येताना ते लाल असतील, आणि कायमचे. वापरून मऊ झालेले, चांगल्या ग्रिपचे बूट हवेत. नवे बूट सहलीला पहिल्यांदा घालायचे नाहीत, हे माथेरानलाही खरं आणि रोमलाही. दीड-दोन लिटर पाणी, टॉर्च, टोपी, पायाला लावायची पट्टी, लिमलेटच्या गोळ्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी नको, माकडं तिची तपासणी आपल्याआधी करतात. कठड्यापलीकडे जाऊन सेल्फी नको, ते सांगायला लागू नये, पण सांगतो.

निघायच्या आधी तीन आठवडे ऑफिसात लिफ्ट सोडा. लंचनंतर वीस मिनिटं चाला. पहिल्या आठवड्यात कलीग हसतील, तिसऱ्या आठवड्यात दोघं सोबत येतील. चौथ्या आठवड्यात ग्रुप बुकिंग!

वेळ उरलाच तर...

उतरल्यावर अर्धा दिवस हाताशी असेल तर कर्जतहून कोंदिवडे गाव गाठा आणि राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातून तास-दीड तास चालत कोंढाणे लेण्यांपर्यंत जा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची बौद्ध लेणी. दगडात कोरलेलं काम असं, की सुतारानं लाकडात केलंय असं वाटावं. पावसाळ्यात समोर पाण्याचा पडदा. चैत्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ आहे. ती सांगते, की हे काम कण्हाचा शिष्य बलक यानं केलं.

रोमला गेलात की व्हॅटिकनमध्ये पिएता बघाल. मायकेलअँजेलोनं स्वतःचं नाव कोरलेली ती एकमेव मूर्ती, आणि प्रत्येक गाइड ते आवर्जून सांगतो. कर्जतच्या बलकानं त्याच्या दीड हजार वर्षं आधी सही करून ठेवलीय. तिकडे गाइड नाही, तिकिटाची रांग नाही. फक्त तेवढं चालावं लागतं!

तेव्हा मंडळी, कॅलेंडर उघडा, एक रविवार धरा आणि त्याला दोन दिवस जोडा. इटली कुठे पळून जात नाही, ती दोन हजार वर्षं जागच्या जागी आहे. माथेरानच्या लाल वाटा मात्र चालणारी माणसं असतील तोवरच वाटा राहतील, नाही तर त्यांचे रस्ते व्हायला वेळ लागत नाही. आणि सोमवारऐवजी बुधवारी ऑफिसात आलात की टेबलावर चिक्कीचा डबा ठेवा आणि बिनधास्त सांगा, 'अरे, आम्ही नुसते चाललो रे!'